बारीक दात्यांची करवत

नाही नाही, ती आधी खाली ठेवा — अहो, ती फांद्या छाटायची कात्री आहे. दारात झाड असेल तर न्या खुशाल, पण एवढ्याशा काडीला ती लावायची नाही. का म्हणजे? कात्री कापत नाही, दादा, कात्री चिरडते. दोन्हीकडून दाबत दाबत आत घुसते आणि शेवटी ‘कट्’ असा आवाज आला की आपल्याला वाटतं, कापलं. द्या बघू ती काडी इकडे. हं. छान आहे. हलकं लाकूड, सरळ — रेषा बघा कशी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेलीय, मध्ये कुठे गाठ नाही. लांबीला कापायचीय, टोक स्वच्छ यायला हवं, कडेला चिंध्या नकोत, बरोबर? सगळ्यांना स्वच्छच हवं असतं. परवा एक गृहस्थ आले, म्हणे भुसा न पाडणारी करवत दाखवा. म्हटलं, साहेब, तसली आली की पहिली मीच ठेवून घेईन, हे दुकान झाडून झाडून माझी कंबर गेली. — बसा ना, ते स्टूल ओढून घ्या. बाणाच्या काड्या आहेत ना ह्या? अहो, सांगायची गरजच नाही. बोटांत धरली की कळतं मला. अठ्ठावीस वर्षं ह्या काड्यांतच गेली माझी.

आत्तापर्यंत कशानं कापत होतात? — हॅक्सॉ. आणि पातं कुठलं? जाड दात्यांचं असणार, घरोघरी असतं तेच. तिथंच घोटाळा झाला. काडी केवढी, दाता केवढा! दाता काडीवर बसतच नाही, तो तिला ओरबाडतो. लाकडाचे धागे कापायच्या ऐवजी उपसून काढतो. — फ्रेम करता तुम्ही? फोटोच्या? मग तर तुम्हाला कळायला हवं हो, की फ्रेमच्या पट्टीला चालतं ते हिला चालत नाही. पट्टीचं टोक फुटलं तर तुम्ही पुट्टी भरून वेळ मारून नेता, भिंतीवर कोण वाकून बघतंय. ही भिंतीवर नाही बसायची, ही दोरीवर बसायची आहे. — हे बघा. ही घ्या हातात. छोटीशीच आहे, पण पाठीवर ही पितळी पट्टी बघा, त्यामुळे पातं लवत नाही. आणि दात्यांवरून बोट फिरवा — हळू! — जाणवले का दाते? जेमतेम. असेच हवेत. आणि हा ठोकळा, मध्ये खाच आहे ना, तिच्यात काडी निजवायची, म्हणजे ती घरंगळत नाही. जिथं कापायचं तिथं आधी कागदी चिकटपट्टीचा एक वेढा द्यायचा, घट्ट. खूण पट्टीवर करायची. मग करवत टेकवायची आणि — इथं सगळे चुकतात — एकदम खाली नाही जायचं. काडी थोडी थोडी फिरवत चारी बाजूंनी आधी नुसता चरा पाडून घ्यायचा, गोल. मग कापायचं. जोर लावायचा नाही, करवतीचं वजन पुरतं. आणि शेवटचे दोन हात अगदी अलगद, पडणारा तुकडा डाव्या हातानं धरून ठेवायचा, नाहीतर तो स्वतःच्या भारानं मोडतो आणि जाता जाता एक लांब ढलपी सोलून घेऊन जातो. मग सपाट फरशीवर काचकागद ठेवून टोक घासायचं, उभं धरून. झालं. सात हात लागतात एका काडीला. सात. मोजून बघा घरी.

मला कुणी शिकवलं? अहो, मला कोण शिकवणार, मी आपली गल्ल्यावर बसणारी. आमच्या ह्यांनी. हे दुकान माझ्या वडिलांचं. हे ऑफिसात नकाशे काढायचे आणि उरलेल्या वेळात बाण करायचे, आणि एक दिवस आले, तुमच्यासारखेच, काडी खिशात घेऊन. म्हणाले, सगळ्यात बारीक दात्यांची करवत दाखवा. वडील म्हणाले, कशाला, मिशा कापायच्यात? मी तिकडे खिळे निवडत बसले होते, मला हसू आवरेना. ह्यांनी मात्र गंभीरपणे काडी काढून समजावून सांगितलं — धागा काय, रेषा काय. करवत घेऊन गेले. आठवड्यानं परत हजर, म्हणे धार लावून द्या. वडिलांनी दिली. पुढच्या आठवड्यात पुन्हा धार. असं चारदा झालं, तेव्हा वडील घरी येऊन आईला म्हणाले, त्या करवतीची धार कुठेही गेलेली नाही, गेलंय ते दुसरंच काहीतरी. — तर असं ते लग्न. नंतर नोकरी सोडून दुकान ह्यांनीच बघितलं, आणि मागच्या खोलीत बाण. तो पडदा दिसतोय ना, त्याच्या पलीकडे. मी इथं गिऱ्हाईक करायची आणि पडद्यापलीकडून आवाज यायचा — सर्र, सर्र, सर्र — सात वेळा. मग शांत. मग टोक घासल्याचा. मग परत सात. माझ्या डोक्यात घड्याळच बसलं होतं त्याचं. गिऱ्हाइकाशी बोलतानाही मी मोजत असायची.

आत? नाही, आत्ता नाहीत, फिरायला गेलेत. डॉक्टरांनी सांगितलंय, रोज दुपारनंतर तासभर चालायचं, सपाट रस्त्यानं. येतील अजून अर्ध्या तासानं. — नाही, आता नाही करत बाण. बंद केलं. — अहो, तब्येत. होतं असं. तुमचं बघा, किती काड्या आहेत म्हणालात? ह्या एवढ्या सगळ्या? छंद म्हणून एवढ्या कुणी — काय? क्लबच्या? कुठल्या क्लबच्या?

पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावरच्या म्हणताय.

थांबा. जरा — नाही, बरी आहे मी. गरम होतंय. त्या काड्या परत कागदात गुंडाळा बघू आधी. गुंडाळा म्हणते ना. आणि कागदाचं तोंड नीट दुमडा. — सेक्रेटरींनी काम दिलं तुम्हाला? कधी? आणि काही सांगितलं का, आधी कोण करायचं, का थांबलं, काही? — नाही. बरं. भला माणूस आहे. तोंडाला कुलूप म्हणजे कुलूप. — सांगते. तुम्हाला सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही उद्या पुन्हा ह्या काड्या अशाच उघड्या घेऊन याल आणि समोर हे बसलेले असतील. ह्यांना असं सांगितलंय, की क्लबानं लाकडी बाण बंद केले. सगळे ॲल्युमिनियमचे घेतले. लाकूड संपलं. सेक्रेटरी स्वतः येऊन सांगून गेले, तुम्ही बसलायत त्याच स्टुलावर बसून. त्यांची नजर सारखी माझ्याकडे यायची, आणि मी आपली खिळ्यांचे डबे पुसत होते. हे काय म्हणाले माहितीये? म्हणाले, बरंच झालं, हलके असतात, वाकतही नाहीत. एवढंच. आत गेले आणि टेबल आवरलं. दोन तास आवरत होते.

खोटं कशाला म्हणजे? तुम्ही फ्रेम करता, दादा, तुमचे हात बघा कसे ठेवलेत मांडीवर. असेच होते ह्यांचे. सुरुवात करंगळीपासून झाली. नुसती करंगळी, उजवी, आपली आपण हलायची. मी चेष्टा करायची, कुणाला बोलावताय म्हणून. मग कप बशीवर वाजायला लागला. मग सही येईना — बँकेतून परत आली. डॉक्टर म्हणाले, कंपवात. गोळ्या आहेत, बरं करायचं औषध नाही. गोळी घेतली की दीड तास हात शांत. त्या दीड तासात हे काड्या कापायचे. मग दीडाचा एक झाला, मग अर्धा. मी इकडे बसून मोजायची ना — सर्र, सर्र, मग खट्, म्हणजे करवत उडाली. परत सर्र. नऊ. अकरा. चौदा. मी गिऱ्हाइकाला नट आवळायचे पाने दाखवतेय आणि मनात आकडे. काय करणार होते मी? आत जाऊन हात धरू? तेही केलं एकदा. त्यांच्या हातावर हात ठेवला. तर म्हणाले, तू बाजूला हो, प्रकाश अडतोय.

आणि एक दिवस आवाजच येईना. दहा मिनिटं, वीस मिनिटं. गेले आत. खुर्चीत बसले होते. करवत खाली पडलेली, बोटाच्या पेरातून रक्त येतंय, ते पुसलेलंही नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, हिचे दाते गेलेत. — अहो, आदल्याच दिवशी मी स्वतः धार लावलेली करवत ती. मी काय म्हणाले असेन? म्हणाले, हो, गेलेत खरे, बदलायला हवी. आणि बाहेर आले. इथंच, तुमच्या मागच्या भिंतीशी उभी राहिले. रडले वगैरे नाही, मला दुकानात रडता येत नाही. नुसती बघत होते सगळ्या हत्यारांकडे. एवढी हत्यारं, दादा, जन्म ह्यांच्यात गेला, आणि थरथरत्या हाताला चालेल असं एक नाही. करवत नाही, पटाशी नाही, काही नाही. करवतीला स्थिर हात लागतो, पटाशीला त्याहून स्थिर. आणि मग ती दिसली.

हो. तीच. मगाशी तुम्ही हातात घेतलीत तशीच कात्री.

तिला हात स्थिर लागत नाही ना. दोन्ही मुठींनी धरायची आणि आवळायची, बस. काडी शेगड्यात — ते लोखंडी जबडे असतात ना टेबलाला, त्यात — पकडून ठेवली की हात कितीही हलू दे. मी खोका फोडला आणि आत नेऊन ठेवली त्यांच्यासमोर. ते कात्रीकडे बघत राहिले. म्हणाले, हिनं धागा दबतो. त्यांना काय माहीत नव्हतं? त्यांनीच मला शिकवलेलं. मी म्हटलं, ही नवीन आहे, हिचं पातं वेगळं असतं, ही दबत नाही. — म्हटलं मी. इतक्या वर्षांत ह्या दुकानात खोटं सांगून खिळासुद्धा विकला नाही, आणि घरातच — त्यांनी विश्वास ठेवला. की ठेवायचा ठरवला, कोण जाणे. एक कापली. कट्. दुसरी कापली. मग दादा, त्यांचा चेहरा काय सांगू तुम्हाला. त्या दिवशी एका बैठकीत चोवीस काड्या. पडद्यामागून कट्, कट्, कट्, आणि मध्येच शीळ. किती महिन्यांनी शीळ वाजवली माणसानं.

टोकं चपटी झाली होती. मला दिसली ना. गोल राहिलीच नव्हती, दाबलेल्या पाइपासारखी झाली होती. संध्याकाळी ते पडले जरा, तेव्हा मी काचकागद घेतला आणि एकेक टोक घासून गोल केलं. चोवीसच्या चोवीस. अशी गुळगुळीत केली, की त्यांनाही कळू नये. वरून काही दिसेना. पण आत दबलेला धागा तसाच ना. मी चीर झाकली फक्त. पुढच्या वेळी पण घासली, त्याच्या पुढच्या वेळीही. चार महिने चाललं. रोज मनात म्हणायची, एवढी खेप जाऊ दे, मग सांगेन. कुणाला सांगणार होते, आणि काय?

मैदानावर बाण पोचवायला मीच जायची तेव्हा. हे जायचे बंद झाले होते, लोक आधी हाताकडे बघतात म्हणून. त्या दिवशी सकाळी जुडी दिली आणि निघणार, तर शिलाईवाल्या बाई म्हणाल्या, थांबा ना, पाच मिनिटं बघून जा. शिलाईवाल्या बाई — अहो, तिकडच्या चौकात त्यांचं दुकान आहे, ब्लाउज शिवतात, पडदे शिवतात, आणि रविवारी नेम मारायला यायच्या. फार सुंदर मारायच्या. म्हणायच्या, आठवडाभर मान खाली घालून सुईत दोरा ओवते, एक दिवस तरी मान वर करून लांब बघावं. त्यांनी नव्या जुडीतलाच एक बाण घेतला. ओढला. मी इथं उभी, अशी, तुमच्या आणि माझ्यात आहे एवढ्या अंतरावर. सोडला आणि आवाज झाला — मोठा नाही हो, सुकी काटकी पायाखाली मोडावी तेवढाच. बाण पुढे गेलाच नाही. अर्धा त्यांच्या डाव्या हातात होता. धनुष्य धरलेल्या हातात. इथं, अंगठा आणि बोट ह्यांच्यामध्ये — आरपार. त्या ओरडल्या नाहीत. हाताकडे अशा बघत राहिल्या, की जसं कापड भलतीकडेच कापलं गेलंय. मग हळूच खाली बसल्या.

सगळे धावले त्यांच्याकडे. आणि मी काय केलं, सांगू? मी गवतातला दुसरा तुकडा उचलून पिशवीत टाकला. उरलेली जुडी पण उचलली. पहिलं काय सुचलं, तर ते. दवाखान्यात नेलं त्यांना, मी बरोबर गेले, शेजारी बसले, त्यांचा दुसरा हात धरला — आणि माझ्या मांडीवर ती पिशवी. त्या मलाच म्हणाल्या, तुम्ही कशाला रडता, माझंच चुकलं, मीच जास्त ओढला. येताना नाल्यात टाकलं सगळं. घरी येऊन ह्यांना म्हटलं, बाईंच्या धनुष्याची दोरी तुटली, हाताला लागलं जरा. हे म्हणाले, बाण कुणाचा होता? मी म्हटलं, बाणाचा संबंधच नाही, दोरी तुटली. — आणि बाईंना पण जाऊन सांगितलं, ह्यांना दोरी म्हणूनच सांगा, ह्यांच्या जिवाला लागेल. त्या हो म्हणाल्या. लगेच हो म्हणाल्या. माणसं किती चांगली असतात, त्याचाच त्रास होतो कधी कधी.

मग मी सेक्रेटरींकडे गेले. म्हटलं, ह्यांच्याकडून बाण घेऊ नका आता. ते म्हणाले, का हो वहिनी? आणि मी — बघा, हे मी कुणाला बोललेले नाही, तुम्हाला का सांगतेय कुणास ठाऊक, तुमच्याशी माझी ओळख ना पाळख — मी म्हटलं, ह्यांचा हात चालत नाही. हात सांगितला मी. कात्री नाही सांगितली. मी खोका फोडून दिली, मी नवीन पातं म्हणून फसवलं, मी टोकं घासली, ह्यातलं काही नाही सांगितलं. सगळं त्या बिचाऱ्या हातावर ढकललं आणि पदरात सहानुभूती घेऊन घरी आले. तो हात तर, दादा, करवत धरूनच बसला होता हो. वाकडं कापलं असतं, उशीर लागला असता, दिवसाला दोन काड्या झाल्या असत्या. पण कुणाचा अंगठा गेला नसता.

बाई येतात अजून दुकानात. शिलाईच्या कात्र्या धारेला आणतात. डावा अंगठा पूर्ण वळत नाही त्यांचा. कापड सरकवायला तो लागतो ना, मशीनवर — आता तळहातानं सरकवतात. बारीक काम घेत नाहीत, नुसते पडदे शिवतात. ह्यांच्याशी छान गप्पा मारतात, हवापाणी, मुलंबाळं. आणि गल्ल्यावर कात्री ठेवताना तो अंगठा असा बाजूला राहतो, मला वर बघवत नाही. तिथून उठून जावं म्हटलं तर गिऱ्हाईक. आणि हे आत बसून नुसती पिसं निवडून ठेवत असतात, डाव्या पंखाची एका डब्यात, उजव्या पंखाची दुसऱ्या. एका बाणाला एकाच बाजूची लागतात म्हणे. म्हणतात, असू देत, लोकांना पुन्हा लाकडाची आठवण होईल कधीतरी. मी म्हणते, होईल ना. दुसरं काय म्हणू, तुम्हीच सांगा — खरं सांगितलं तर हात गेला तेवढं पुरेना म्हणून बाईंचा अंगठा पण त्यांच्या डोक्यावर ठेवायचा. नाही सांगितलं तर हे असं. कुठूनही धरलं तरी कापतंच.

तर तुम्ही ही करवत घ्या, आणि ठोकळा घ्या, चिकटपट्टी घ्या. आणि कृपा करून ह्या दुकानात बाणाचं नाव — अहो! तुम्ही? तुम्ही कधी आलात?

मागच्या दारानं? कडी वाजलेली ऐकूच नाही आली मला. आज लवकर कसे काय — पाय दुखला? मग हाक नाही का मारायची, पडद्याशी असे उभे काय राहिलात? — हे? हे फ्रेमवाले आहेत. करवत न्यायला आलेत. त्या कागदात ना, पट्ट्या आहेत. फ्रेमच्या. बारीक पट्ट्या असतात ना त्या — अहो, कशाला सोडताय ते, त्यांनी नीट बांधलंय — दादा, तुम्ही सांगा ना ह्यांना, पट्ट्या आहेत म्हणून — अहो दादा, नाही म्हणून मान कशाला हलवलीत तुम्ही? मी काय सांगितलं होतं? — नाही हो, तुम्हाला नाही, ह्या फ्रेमवाल्यांना म्हणतेय. बसा. बरं, बसा तरी. चष्मा देऊ का?

दादा, गप्प राहा आता. बघू दे त्यांना. काडी कानाशी धरलीय बघा. दोन्ही टोकं धरून अशी हळूच वाकवायची — आत धागा तुटलेला असला तर कुरकुरतो. आपल्याला नाही येत ऐकू. त्यांना येतं. हात थरथरतोय, पण कान कुठे थरथरतात. — एक झाली. दुसरी. — अहो, सगळ्या कशाला, ह्यांना घाई असेल — बरं. बरं, बघा. — ही का बाजूला काढलीत? काय म्हणालात? दोरीला लावू नका. ऐकलंत ना, दादा? ही नाही लावायची. ही पण नाही. बाकीच्या चांगल्या आहेत म्हणतायत.

काय? काय विचारलंत तुम्ही ह्यांना? — अहो, बाईंचं ह्यांना काय माहीत, हे नवीन आहेत, ह्यांनी बाईंना बघितलं तरी असेल का — दादा, माझ्याकडे नका बघू. माझ्याकडे बघू नका हो. —

नाही वळत. मी सांगते. नाही वळत, अहो, तो अंगठा. पूर्ण नाही वळत.

…

गेले आत. पाहिलंत ना, काड्या कशा एका रेषेत लावून ठेवल्या जाताना? — आता कसं कळायचं मला, आज पडद्याशी उभं राहून ऐकलं, की आधीपासूनच माहीत होतं, बाई हात बाजूला धरतात ते त्यांना रोज दिसत होतं? आणि विचारायचं तरी कोणत्या तोंडानं? — नाही, तुम्ही काही बोलू नका. तुमची चूक नाही. करवत घेतलीत ना, ठोकळा घेतलात ना, मग जा. हिशेब उद्या बघू. अहो, जा म्हणते ना, आतून काहीच आवाज येत नाहीये.